आशेच्या भूशिरावर एक दिवस

माझे शिक्षण मराठी साहित्याचे. परंतु सरकारी शाळेत शिक्षकाच्या वाट्याला केवळ त्याचा विषय येतो असे नाही. नोकरीच्या आरंभी गोव्यातल्या एका आडगावच्या शाळेत असताना भूगोलाचे शिक्षक बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी येईपर्यंत म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. हे ‘येईपर्यंत’ नऊ वर्षे चालले. त्या नऊ वर्षांत आफ्रिका खंडाचा नकाशा मी फळ्यावर किती वेळा काढला असेल याची गणती नाही. खडू वरून खाली ओढत आणायचा, तळाशी निमुळते टोक काढायचे, त्यावर एक ठसठशीत ठिपका द्यायचा आणि सांगायचे, “हे आफ्रिकेचे दक्षिण टोक, केप ऑफ गुड होप. अटलांटिक आणि हिंदी महासागर इथे एकमेकांना भेटतात. याला वळसा घालून वास्को द गामा हिंदुस्थानात आला.” मुले निमूटपणे वहीत ठिपका देत.

एका सहामाही परीक्षेत मी विचारले होते, ‘आफ्रिका खंडाचे सर्वांत दक्षिणेकडील टोक कोणते?’ चाळीस मुलांनी ‘केप ऑफ गुड होप’ लिहिले. एकाने लिहिले, ‘अगुल्हास’. मी लाल शाईची फुली मारली आणि एक गुण कापला. पेपर वाटल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. “सर, माझे बाबा तारवटी आहेत. ते म्हणतात, केपच्या पुढे अगुल्हास लागते.” गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, जहाजावर नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे तारवटी म्हणतात. मी त्याला म्हणालो, “बाबांनी सांगितलेले घरी ठेवायचे. पेपरात पुस्तकातले लिहायचे.” वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला. मी हा प्रसंग विसरून गेलो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलीकडे गेलो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनला आहेत. मुंबईहून अदिस अबाबामार्गे विमानाने आम्ही तेथे उतरलो, तेव्हा तेथे वसंत ऋतू सरत आला होता. दोघांनाही कामाच्या दिवशी सुट्टी मिळेना, म्हणून मुलीने आमच्यासाठी एका दिवसापुरती गाडी आणि वाटाड्या ठरवून दिला. “बाबा, मोठ्या बसमधून पन्नास माणसांबरोबर धावपळ करू नका. हे गृहस्थ तुम्हा दोघांनाच घेऊन जातील. तुम्ही विचाराल तेवढे सांगतील,” ती म्हणाली. माझ्या प्रश्नांची तिला कल्पना होती!

सकाळी आठला गृहस्थ दाराशी हजर झाले. वय साठीच्या थोडे पुढे, वर्ण आपल्यासारखाच गव्हाळ, केस पांढरे आणि दाट. त्यांचे आडनाव ऐकून मी चमकलो, कारण ते इंग्रजी महिन्याचे नाव होते. मी विचारण्याआधीच ते हसून म्हणाले, “माझे कोणी पूर्वज गुलाम म्हणून या बंदरात उतरवले गेले. मालकाला त्यांचे मूळ नाव उच्चारता येत नसे, किंवा उच्चारायचे नसे. मग ज्या महिन्यात माणूस आला तो महिना हेच त्याचे नाव. केपमध्ये अशी पुष्कळ आडनावे आहेत.” १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे ठाणे वसवले आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे मोझांबिक, मादागास्कर, जावा, तसेच आपल्या बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांवरूनही माणसे आणून विकली गेली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. आपले पूर्वज नेमक्या कोणत्या किनाऱ्यावरून आले हे आमच्या वाटाड्यांना ठाऊक नव्हते. “कदाचित आपण शेजारीही असू,” असे म्हणत त्यांनी सौ.साठी अदबीने गाडीचे दार उघडले.

केपचे द्वीपकल्प उत्तरेला टेबल माउंटनपासून सुरू होते आणि सुमारे पन्नास किलोमीटर दक्षिणेला समुद्रात घुसत जाते. पश्चिमेला अटलांटिकचे मोकळे पाणी, पूर्वेला फॉल्स बे नावाचा विस्तीर्ण उपसागर. आमचा बेत पश्चिम किनाऱ्याने उतरायचे आणि पूर्व किनाऱ्याने परतायचे असा होता. टेबल माउंटनची उंची सुमारे १०८५ मीटर. माथा जणू रंधा मारून सपाट केलेला. त्या सकाळी आग्नेयेकडून वारा सुटला होता आणि माथ्यावरून पांढऱ्या ढगाचा पडदा घसरत होता. टेबलावर अंथरलेले कापड असे तेथील लोक त्याला म्हणतात. दमट वारा डोंगरावर चढतो, थंड होऊन त्याचा ढग बनतो आणि पलीकडे उतरताना पुन्हा उबेने विरून जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर ढगांचा जो खेळ चालतो त्याची आठवण झाली.

कॅम्प्स बे, मग हाउट बे. ‘हाउट’ म्हणजे डच भाषेत लाकूड. डचांनी येथली झाडे तोडून नेली म्हणून हे नाव. झाडे गेली, नाव राहिले. हाउट बेच्या पुढे चॅपमन्स पीकचा प्रसिद्ध घाट लागतो. १९१५ ते १९२२ अशी सात वर्षे खपून कड्यात कोरलेला हा रस्ता जेमतेम नऊ किलोमीटरचा, पण वळणे एकशे चौदा! खालचा खडक कठीण ग्रॅनाइटचा, वरचा वालुकाश्माच्या थरांचा, आणि रस्ता नेमका दोहोंच्या सांध्यावरून नेलेला. ग्रॅनाइटचा भक्कम पाया आणि वरच्या थरांत करता येणारी कोरणी, असा दुहेरी लाभ बांधणाऱ्यांनी साधला. परंतु वरून दगड कोसळण्याचे भय कायमचेच. २००० मध्ये रस्ता बंद करावा लागला आणि जाळ्या, छते बसवून २००३ मध्ये तो पुन्हा उघडला. एका वळणावर थांबून पाहिले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली निळे-हिरवे पाणी. सौ. नी माझा हात घट्ट धरला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

घाट उतरल्यावर नूर्डहुकचा लांबच लांब, ओसाड पुळणीचा किनारा दिसतो. १९०० मध्ये ‘काकापो’ नावाची आगबोट आपल्या पहिल्याच सफरीत या वाळूत शिरली. कप्तानाने चॅपमन्स पीक पाहिले, ते केपचे टोक आहे असे समजला आणि वळला. “सर, इथे टोक ओळखण्यात चुकणारे बरेच झाले,” वाटाडे सहज म्हणाले. मी शिक्षक असल्याचे सौ. नी त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकले होते. त्यांचे वाक्य त्या वेळी मला नुसते गमतीचे वाटले.

पुढे रस्त्याच्या कडेने एक वस्ती लागली. तिचे नाव ‘ओशन व्ह्यू’, म्हणजे सागरदर्शन. मी दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिले. समुद्र कुठेच दिसेना. डोंगराच्या पोटाशी चाळीवजा इमारती, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, चेंडू खेळणारी मुले. “मी इथे वाढलो,” वाटाडे म्हणाले. “हकिगत सांगेन, पण परतताना. आमचे खरे गाव परतीच्या वाटेवर आहे.”

भूशिराचा सर्व दक्षिण भाग राखीव अरण्य आहे. अरण्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येणारी झाडी येथे नाही. कमरेइतकी झुडपे, लव्हाळ्यासारखे गवत, मधूनच प्रोटियाची कमळाएवढी फुले. या वनस्पतिसृष्टीला ‘फेनबॉस’ म्हणतात, म्हणजे बारीक पानांची झुडपे. जगाचे वनस्पतींच्या दृष्टीने जे सहा प्रदेश मानतात, त्यांतील सर्वांत लहान प्रदेश हा केपचा. पण त्यात सुमारे नऊ हजार जाती आहेत आणि बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. यांतील कितीतरी बियांना रुजण्यासाठी वणवा लागतो. आग होऊन गेली की राखेतून कोंब वर येतात.

वाटेत सौ. नी फराळाचा डबा काढला. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. वाटाड्यांनीही घरून आणलेली पुडी उघडली. तीत सामोसे होते, आणि एका बाटलीत पिवळे, मोहरीच्या वासाचे काहीतरी. “याला आम्ही ‘अचार’ म्हणतो,” ते म्हणाले. सौ. आनंदाने उद्गारल्या, “अहो, हे तर लोणचेच!” शब्द जहाजाच्या तळाशी बसूनही प्रवास करतात, आणि त्यांना कोणी महिन्याचे नाव देत नाही. एवढ्यात झुडपातून एक मोठा बबून वानर रस्त्यावर आला. वाटाड्यांनी झटकन काचा वर केल्या, दारे आतून बंद केली. येथील वानरांना गाडीचे दार उघडता येते, अशी त्यांची ख्याती! लाडवांचा डबा पदराखाली गेला. वानर टपावर बसून थोडा वेळ वाट पाहून निघून गेले.

आणि मग आम्ही त्या ठिपक्यावर पोहोचलो.

खडकाळ किनारा, भरतीच्या काळसर शेवाळाचे ढीग, उग्र खारा वास, आणि समोर लाकडाची एक लांब पाटी. त्या पाटीमागे उभे राहून फोटो काढण्यासाठी निरनिराळ्या देशांची माणसे रांगेत उभी होती. मीही रांग धरली. मनात एक विलक्षण भावना होती. ज्या ठिपक्यावर आयुष्यभर खडू टेकवला त्यावर आज पाय टेकला! माझे वडील पोर्तुगीज अमदानीत ‘सेगुंद ग्राव’पर्यंत शिकलेले. ‘काबु द बोआ इश्पेरांस’ हे नाव ते असे काही ठसक्यात उच्चारीत की, लहानपणी मला ते दोना पावलाजवळच्या आमच्या ‘काबो’च्याच पलीकडे कोठेतरी असावे असे वाटे. वडील आज हवे होते, असे मनात येत असतानाच माझा क्रमांक आला आणि मी पाटी नीट वाचली. ‘केप ऑफ गुड होप -- आफ्रिका खंडाचे सर्वांत नैर्ऋत्येचे टोक.’ खाली अक्षांश-रेखांश: ३४ अंश २१ मिनिटे दक्षिण, १८ अंश २८ मिनिटे पूर्व.

नैर्ऋत्येचे! दक्षिणेचे नव्हे. मी पाटी पुन्हा वाचली. मागची माणसे खोळंबली होती. सौ. म्हणत होत्या, “अहो, हसा ना जरा!”

बाजूला येऊन मी वाटाड्यांना विचारले. त्यांना या प्रश्नाची सवय असावी. “दक्षिण टोक इथून दीडशे किलोमीटरवर, पूर्व-आग्नेयेला. अगुल्हास त्याचे नाव. तिथला अक्षांश जवळपास ३४ अंश ५० मिनिटे. म्हणजे हे टोक त्याच्या अर्धा अंश उत्तरेलाच राहिले. तिकडे फारसे कोणी जात नाही. तिथे असा कडा नाही, देखावा नाही. जमीन सपाट होत होत समुद्रात शिरते.”

“आणि दोन महासागर? ते तर इथेच मिळतात ना?”

“नकाशा काढणाऱ्यांनी सीमा अगुल्हासवरून नेली आहे. वीस अंश पूर्व रेखांश. अलीकडे अटलांटिक, पलीकडे हिंदी महासागर. पण ती माणसांची रेघ. पाण्याचे म्हणाल तर हिंदी महासागरातून येणारा अगुल्हासचा उबदार प्रवाह आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा बेंग्वेलाचा थंड प्रवाह या टापूत जवळ येतात. कधी तिकडे, कधी इकडे. त्यांची जागा ठरलेली नाही. लोक मला विचारतात, ती रेघ दाखवा. मी काय दाखवणार?”

मी काही बोललो नाही. मला चौथ्या बाकावरचा तो मुलगा दिसत होता. ‘सर, केपच्या पुढे अगुल्हास लागते.’ आणि गंमत अशी की ‘अगुल्हा’ म्हणजे सुई, हे मला वडिलांमुळे लहानपणापासून ठाऊक होते. सन १५०० च्या सुमारास पोर्तुगीज खलाशांना त्या टोकापाशी आढळले की होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तरेपासून मुळीच ढळत नाही. म्हणून ते टोक ‘सुयांचे’. जेथे सुई खरे बोलते ती ही जागा. आणि तिचे नाव लिहिणाऱ्या मुलाला मी लाल फुली दिली होती.

तेथून केप पॉइंटच्या कड्यावर चढलो. वर १८५९ मध्ये बांधलेला जुना दीपस्तंभ आहे, समुद्रापासून सुमारे २४० मीटर उंच. जितका उंच तितका दुरून दिसेल असा बांधणाऱ्यांचा हिशेब. परंतु एवढ्या उंचीवर वारंवार ढग आणि धुके उतरते. खाली हवा स्वच्छ असली तरी दिवा मात्र ढगात! १९११ च्या एप्रिलमध्ये ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज येथल्या बेलोज खडकावर आदळून बुडाले. बहुतेक प्रवासी सुदैवाने वाचले. मग शहाणपण आले आणि बऱ्याच खाली, अवघ्या ८७ मीटर उंचीवर, नवा दीपस्तंभ बांधून १९१९ मध्ये पेटवला. तोच आजवर जहाजांना वाट दाखवतो. वरचा जुना दिवा आता प्रवाशांना पाहण्यापुरता. त्याच्या कठड्याला टेकून मी बराच वेळ उभा राहिलो. उंच चौथऱ्यावर उभे राहून तीस वर्षे प्रकाश देणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही.

येथून पाहताना इतिहासातील एक गोष्ट नव्याने उमगली. १४८८ च्या आरंभी बार्तोलोमेउ दियश हा पोर्तुगीज दर्यावर्दी या टोकाला वळसा घालून गेला, पण वादळाने त्याला इतके आत समुद्रात लोटले होते की त्याला ते दिसलेच नाही. पूर्वेला बरेच पुढे गेल्यावर, किनारा आता डाव्या हाताला आहे, हे पाहून त्याला कळले की आपण आफ्रिका ओलांडली. भूशिराचे दर्शन त्याला झाले ते परतीच्या वाटेवर, मे महिन्यात. त्याने त्याला ‘वादळांचे भूशिर’ म्हटले आणि राजा दुसरा जुआंव याने हिंदुस्थानच्या वाटेची आशा धरून ‘उत्तम आशेचे भूशिर’ केले, असे सांगतात. १४९७ च्या नोव्हेंबरात गामा येथून गेला, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचला, आणि १५१० मध्ये आमचा गोवा पोर्तुगिजांच्या हाती पडला. राजाची आशा पुरी झाली, ती कोणाला केवढ्याला पडली हा हिशेब आम्ही साडेचारशे वर्षे मांडत होतो. आणि दियश? १५०० मध्ये याच भूशिराजवळच्या वादळात तो जहाजासह बुडाला. राजाने नाव बदलले, वादळांनी स्वभाव बदलला नाही.

परतीचा रस्ता पूर्व किनाऱ्याने, फॉल्स बेच्या काठाने. ‘फॉल्स’ म्हणजे फसवा. पूर्वेकडून येणारी जहाजे हँगक्लिपच्या टोकाला केपचे टोक समजून लवकर वळत आणि या उपसागरात अडकत, म्हणून हे नाव. मला वाटले, निदान हे एक नाव तरी प्रामाणिक आहे!

बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन पाहिले. गोल गुळगुळीत शिळांच्या आडोशाला, लोकांच्या घरांना लागून, काळा कोट घातलेल्या वकिलांसारखे ते तुरुतुरु चालत होते. १९८२ मध्ये येथे दोन जोडपी येऊन राहिली आणि त्यांची मोठी वसाहत झाली. आवाज मात्र थेट गाढवाचा! सौ. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. परंतु वाटाडे म्हणाले की समुद्रातले सार्डिन आणि अँकोव्ही मासे कमी झाल्याने हा पक्षी उपाशी मरतो आहे. या जातीची दहा हजार जोडपीही आता उरलेली नाहीत, आणि २०२४ मध्ये तिची गणना नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत झाली. सौ. चे हसू मावळले.

दोन-तीन किलोमीटरवर सायमन्स टाउन हे नौदलाचे गाव. इंग्रजांचा हा तळ १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आला. चौकात एका कुत्र्याचा पुतळा आहे. ‘जस्ट न्यूसन्स’ नावाचा हा ग्रेट डेन कुत्रा खलाशांबरोबर आगगाडीतून फुकट फिरायचा. रेल्वेने तक्रार केली तेव्हा १९३९ मध्ये त्याला रीतसर नौदलात भरती करून घेतले. वाटाड्यांनी ही कथा रंगवून सांगितली आणि मग गाडी एका चढाच्या पायथ्याशी उभी केली. वर एक मशीद दिसत होती. तिच्याजवळच्या घरांकडे त्यांनी बोट दाखवले.

“त्या ओळीतले एक घर आमचे होते. वडील गोदीत कामाला. खिडकीतून समुद्र दिसायचा. १९६७ मध्ये सरकारने हे गाव गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर केले. मी लहान होतो. निघायच्या दिवशी आईने साऱ्या घराची फरशी घासून पुसून घेतली. शेजारीण म्हणाली, कशाला? ती म्हणाली, येणाऱ्या बाईने आम्हाला घाणेरडे म्हणू नये.”

गाडीत कोणी बोलले नाही. १९५० च्या समूह-क्षेत्र कायद्याखाली वर्णावरून माणसांना वस्त्या नेमून दिल्या गेल्या. या एका गावातून हजारो माणसांना डोंगरापलीकडे हलवले. जेथे त्यांना नेले त्या वस्तीला नाव दिले ‘सागरदर्शन’. वडील मात्र त्याच गोदीत रोज बसने कामाला येत राहिले. १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपली आणि हिरावलेली जमीन परत मागण्याचा कायदा झाला. काहींना मोबदला मिळाला, थोडे परत आले. “आई तोवर राहिली नव्हती,” ते म्हणाले.

मी विचारले, “शाळेत हे सारे शिकवीत असत का?”

ते हसले. “आमच्या इतिहासाच्या पुस्तकात या देशाची सुरुवात १६५२ मध्ये डचांचे जहाज आल्यावर होत असे. त्यापूर्वी इथे हजारो वर्षे गुरे राखणारे खोईखोई होते, आमचे गुलाम पूर्वज होते, त्यांचा उल्लेख आला तर येई. हे आईने सांगितले. मी एकदा परीक्षेत ते लिहिले. गुरुजी चांगले होते, मारले नाही. म्हणाले, आईने सांगितलेले घरी ठेव; पेपरात पुस्तकातले लिही.”

वाचकहो, त्यांनी हे इंग्रजीत सांगितले. माझ्या कानांवर मात्र ते मराठीतच पडले, आणि माझ्याच आवाजात. माझी चूक एका ठिपक्याची होती आणि त्या गुरुजींची एका जनतेच्या इतिहासाची. दोन्ही एका मापाने मोजणे बरोबर नाही, हे मला कळते. परंतु वाक्य एकच होते. ते उच्चारणाऱ्याचा स्वरही तोच असणार, समजूतदार आणि थोडा घाईचा. मी त्यांना माझी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एवढेच म्हणाले, “तो मुलगा आता कोठे आहे?” मला सांगता आले नाही.

काल्क बेच्या छोट्या बंदरात संध्याकाळी होड्या परतत होत्या. धक्क्यावर मासळीचा लिलाव, पाण्यात आशाळभूत सील, बायकांचा भाव करण्याचा कलकलाट. भाषा सोडली तर आमच्या बेतुलची जेटी! म्युझनबर्गची रंगीत लाकडी न्हाणीघरे मागे टाकून अंधार पडताना मुलीच्या दारी उतरलो. निरोप घेताना सौ. नी उरलेले लाडू वाटाड्यांच्या घरच्यांसाठी बांधून दिले. त्यांनी अचाराची बाटली आमच्या हाती ठेवली.

गोव्यात परतल्यावर मी पहिले काम कोणते केले असेल, तर माळ्यावरची जुनी पाठ्यपुस्तके काढली. मला वाटत होते, पुस्तकाची चूक मी पुढे चालवली. भूगोलाचे ते पुस्तक सापडले. त्यात दक्षिण टोक म्हणून केपचे नाव कोठेही नव्हते. ‘केप ऑफ गुड होपला वळसा घालून’ एवढेच होते. बाकीचे सारे माझे होते. मी ज्याला पुस्तक म्हणत होतो ते माझेच पाठांतर होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी फळा बाहेर आणवला, आफ्रिका काढली, जुना ठिपका थोडा वर आणि डावीकडे सरकवला, त्याच्या आग्नेयेला नवा दिला आणि सर्व शाळेपुढे ही गोष्ट सांगितली. मुलांना मुख्याध्यापक चुकल्याचा फारच आनंद झाला. आता आमच्या शाळेत एक पद्धत घातली आहे. घरी ऐकलेले उत्तर पुस्तकाहून वेगळे असेल तर मुलाने तेही लिहावे, आणि ते कोणाकडून ऐकले तेही. शिक्षकाने फुली मारण्यापूर्वी चौकशी करावी. थोडा वेळ जातो. पण चौकशीत जाणारा वेळ वाया जात नाही.

जुन्या शाळेच्या गावी विचारपूस करून त्या मुलाच्या घरचा दूरध्वनी मिळवला. वडिलांनी उचलला. तारवटी आता निवृत्त होऊन घरी आहेत. माझे नाव ऐकून त्यांना कोण संकोच झाला. मुलगा बापाच्याच वाटेने जहाजावर लागला आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजांनी सुएझचा मार्ग सोडून पुन्हा आफ्रिकेचा वळसा धरला, तेव्हा त्याचेही जहाज दोनदा त्या बाजूने गेले. म्हणजे मी ज्या टोकाच्या अलीकडूनच परतलो, ते त्याने दोन्ही खेपांना ओलांडले होते. मी सारी हकिगत सांगून क्षमा मागितली. “असे काय म्हणता सर, लहानपणची गोष्ट!” ते म्हणाले. पण आठवड्याने त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. मुलाशी बोलणे झाले होते. त्याला तो दिवस, तो प्रश्न, सारे लख्ख आठवत होते. त्याने निरोप दिला होता, “सरांना सांगा, सुट्टीवर आलो की भेटायला येतो. तेवढा तो एक गुण तयार ठेवा.”

पेपर केव्हाच रद्दीत गेला. पण लाल शाईचे पेन मी टेबलाच्या खणात वेगळे काढून ठेवले आहे.